काळ्या सुतारावर आळ कशाला?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसलेल्या मोठ्या काळ्या सुतार पक्ष्याचा फोटो सध्या फोनाफोनांवर फिरतोय. खाली मजकूर आहे: 'महाराष्ट्रात प्रथमच! जगातून संपत आलेला पक्षी. चांगली झाडं पोखरून मारतो. बागेजवळची वठलेली झाडं तोडा, म्हणजे फिरकणार नाही.'

फोटोतला पक्षी बरोबर आहे. डोमकावळ्याएवढा, अंगानं काळा, पोट पांढरं, डोक्यावर लाल तुरा. मजकूर मात्र चुकीचा आहे.

'प्रथमच' नव्हे. सह्याद्रीतल्या या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन पक्षीअभ्यासक जर्डननं १८४० साली केलं. गोव्यात मोलेच्या जंगलात तो पक्षीनिरीक्षकांच्या ओळखीचा आहे, आणि दोडामार्गातलं तिलारीचं रान गोव्यातल्या म्हादई अभयारण्यामार्गे त्याच जंगलाला जोडलेलं आहे.

'जगातून संपत आलेला' हेही खरं नाही. भारतापासून फिलिपिन्सपर्यंत तो आढळतो, धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीनुसार त्याला तातडीचा धोका नाही. आपल्याकडे तो विरळा आहे, कारण त्याला जुनं, उंच झाडांचं रान लागतं.

आता झाडं मारण्याचा आळ. काजू लावणाऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागला की बुंध्याशी भुसा पडतो. झाड आतून खाल्लं जातं ते अळीमुळे. सुतार चोच मारतो ती अशा किडलेल्या लाकडातल्या अळ्यांसाठी आणि मुंग्यांसाठी. घरट्याची ढोलीही तो बहुतेकदा वठलेल्या किंवा आतून कुजलेल्या खोडात कोरतो. म्हणजे झाड आधी आजारी पडतं, सुतार नंतर येतो. आपण नेमका क्रम उलटा लावतो.

आणि म्हणूनच मजकुरातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. वठलेला ऐन किंवा किंजळ तोडला की सुताराची घरट्याची जागा गेली. त्यानं सोडलेल्या ढोलीत पुढे इतर पक्षी संसार थाटतात, त्यांचीही गेली. स्वतः ढोली कोरता न येणाऱ्या मलबारी धनेशासारख्या पक्ष्यांना जुनी पोकळ झाडं सोडून दुसरा आसराच नाही. तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर रान २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, पण त्याच्या बाहेरच्या खासगी डोंगरांवर रबराच्या लागवडीसाठी रान साफ होतच आहे. तिथं उरलेलं एखादं वठलेलं झाड घरावर किंवा वाटेवर पडण्याची भीती नसेल, तर कृपा करून उभं राहू द्या. हा मजकूर ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच गटांत ही दुरुस्तीही पाठवावी.