श्रीखंडाच्या डब्यातला दवाखाना

श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा घरात आहे ना? मग दवाखान्यात नंबर लावून ताटकळायचं काही कारण उरत नाही. उरलेल्या गोळ्या त्यात टाकत चला. पट्टीला कात्री लावताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा आधी उडवावा, म्हणजे झाकण नीट बसतं. माझ्या डब्यात सध्या तीन गुलाबी, एक अर्धी आणि चारेक अनोळखी पांढऱ्या गोळ्या आहेत. पुढच्या पिढीला काहीतरी ठेवून जायला हवंच.

आता उपचार. नाक गळायला लागलं की थेट अँटिबायोटिक. सर्दी विषाणूंमुळे होते, विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, हे डॉक्टरांचं जुनं तुणतुणं. तीन दिवस गोळ्या खाव्यात. सर्दी तशीही जाणारच असते. ती गेली की श्रेय गोळीला द्यावं आणि उरलेल्या दोन डब्यात टाकाव्यात. शेजारच्या काकूंचा घसा धरला की कामाला येतात.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना हे आधीच दिसलं होतं. १९४५ साली नोबेल स्वीकारताना भाषणात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून हा पेनिसिलिन आणतो आणि जंतू मरणार नाहीत, फक्त तयारीचे होतील, एवढंच घेतो. तेच जंतू बायकोकडे जातात, तिला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही आणि ती दगावते. पेनिसिलिन कुणालाही दुकानात विकत मिळेल असा दिवस कदाचित येईल, ही त्यांची धास्ती होती. आपण तो दिवस आणून दाखवला.

चिठ्ठीची काळजी नको. मेडिकलच्या काउंटरवर पानटपरीच्या थाटात ‘नेहमीचंच द्या’ म्हणायचं. काही अँटिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्या १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं असतं. असतं म्हणजे, असायचं असतं. पट्टीवरची उभी लाल रेघ ‘डॉक्टरला विचारल्याशिवाय नको’ असं सांगते. आपण तिचा अर्थ ‘पॉवरची गोळी’ असा घ्यावा.

नायट्याला तर डॉक्टर नकोच. जांघेतलं दुखणं दाखवायचं तरी कुणाला? गर्दी ओसरल्यावर दुकानात जाऊन खालच्या आवाजात ‘खाजेचं काहीतरी’ म्हणावं. मिळते त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर बऱ्याचदा क्लोबेटासॉलसारखं तगडं स्टिरॉइडही असतं. अशी चौदा स्टिरॉइड मलमं २०१८ साली सरकारनं चिठ्ठीच्या यादीत टाकली, पण आपण कुठे यादी मागतो? दोन दिवसांत खाज गायब! स्टिरॉइडनं खाज दबते आणि त्याबरोबर त्या जागेची प्रतिकारशक्तीही. मग बुरशी निवांत पसरते, चट्ट्याभोवती चट्टा उठतो, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट. म्हणून बंद करू नये, दुसरी आणावी. टॉवेल घरात एकच ठेवला की सगळ्यांना एकाच ट्यूबमध्ये भागवता येतं.

गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी आहेच. गुरांना दिलेलं हेच औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. गिधाडं जवळजवळ संपल्यावर, २००६ साली, त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. आपण काही गिधाडं नाही. बीपीची गोळी चालू असताना महिनोन् महिने रोज एक घेऊन आपल्या मूत्रपिंडांचं काय होतं, ते प्रत्येकानं ज्याचं त्यानं बघावं. आणि तापाच्या गोळीवर सर्दीची गोळी घेताना मागचा बारीक मजकूर वाचत बसू नये. दोन्हींत पॅरासिटामॉल निघालं तर उगाच हिशेब करावा लागतो.

एवढं करूनही एखाद्या रात्री अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर मात्र दवाखाना गाठावा. जाताना डबा न्यावा. डॉक्टर विचारतील, ‘काय घेतलंत?’ कात्रीतून वाचलेला तुकडा पुढे करावा. त्यावर ‘…सिन ५००’ एवढंच असेल.

‘डॉक्टर तुम्ही आहात,’ म्हणावं, ‘पुढचं तुम्ही ओळखा.’