‘एक कॅपॅसिटर उडाला तरी बोर्ड चालतो’: पण कुठला?

पीसी जुळवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच. स्क्रू ड्रायव्हर निसटून मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीएवढा पार्ट उडाला तर घाबरू नका, कंपनी असे पार्ट जास्तीचेच लावते. मशीन चालू करून बघा. झालं चालू तर विषय संपला. नाहीच झालं तर पार्ट फेविक्विकने जागेवर चिकटवा, नाहीतर भंगार बोर्डावरून तसाच दिसणारा काढून लावा. दुकानात मात्र नेऊ नका, तिथे नवा बोर्डच गळ्यात मारतात.

‘जास्तीचे असतात’ हे अगदीच खोटं नाही. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती दिसणारे तपकिरी, काहीही न छापलेले ठोकळे बहुतेक डीकपलिंग कॅपॅसिटर, म्हणजे सप्लाय स्थिर ठेवायला थोडा चार्ज साठवणारे पार्ट असतात. सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये ते समांतर जोडलेले असतात. प्रोसेसरचा लोड क्षणात उसळतो तेव्हा लागणारा करंट आधी तेच पुरवतात. एका रांगेत वीस असतील आणि एक गेला, तर रोजच्या वापरात कदाचित काहीच जाणवणार नाही. डिझायनरने ते सगळ्यात वाईट लोड, उष्णता आणि झीज धरून मोजलेले असतात, पण ते एक वेळ सोडून देऊ.

खरी अडचण अशी की हुबेहूब तसाच तपकिरी ठोकळा ग्राफिक्स कार्डाच्या x१६ (सोळा लेनच्या) स्लॉटजवळही असतो, आणि त्याचं काम पूर्णपणे वेगळं असतं. या स्लॉटमधून डेटा पीसीआय एक्सप्रेसने, म्हणजे ‘लेन’ नावाच्या समांतर वाटांनी जातो. प्रत्येक लेनमध्ये डेटा पाठवणाऱ्या दोन तारांवर एकेक कॅपॅसिटर सिरीजमध्ये बसवलेला असतो. जुन्या पिढ्यांत साधारण १०० नॅनोफॅरडचा, तिसऱ्या पिढीपासून सहसा २२० नॅनोफॅरडचा. डेटाला जायला दुसरी वाट नसते, त्यामुळे कॅपॅसिटर गेला की लेन गेली. ग्राफिक्स कार्डावर सोनेरी पट्टीच्या जरा वर दिसणारी बारीक रांग हीच. कार्ड घालता-काढताना तिथलेही पार्ट उडतात.

म्हणूनच ‘चालू झालं की विषय संपला’ हे मला या सल्ल्यातलं सगळ्यात वाईट वाक्य वाटतं. लेन तुटली तरी कार्ड x८ वर किंवा x४ वर, म्हणजे कमी लेनवर जुळवून घेतं, स्क्रीनवर चित्र येतं आणि माणूस खूश होतो. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये लिंकची रुंदी (चालू लेनची संख्या) बघितल्याशिवाय काही कळत नाही. (दुसऱ्या स्लॉटमुळे किंवा एम.२ ड्राइव्हमुळेही काही बोर्डांवर x८ दिसतं. आधी मॅन्युअल बघा.) बायोसमध्ये रॅम पूर्ण आणि दोन्ही चॅनेलमध्ये दिसते का, प्रत्येक यूएसबी, लॅन आणि साउंड चालतं का, हेही एकदा तपासावं लागतं. मेमरीची चाचणी रात्रभर लावून ठेवली तर उत्तम.

आणि हे सगळं ‘चालू करून बघण्या’च्या आधीचं काम उरकल्यावर. उडालेला पार्ट कॅपॅसिटर होता हे तरी कशावरून? काळ्या पाठीचा, १०३ असा आकडा असलेला तुकडा म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टर. तो व्होल्टेज रेग्युलेटरच्या फीडबॅकमधला, म्हणजे आउटपुट किती आहे ते कंट्रोलरला कळवणाऱ्या जोडीतला वरचा रेझिस्टर असेल, तर कंट्रोलरला आउटपुट कमी आहे असं वाटतं आणि तो व्होल्टेज वाढवत नेतो. संरक्षण वेळेवर लागलं तर ठीक, नाहीतर त्या लाइनवरच्या चिपला फटका. दुसरी गोष्ट तडकलेल्या कॅपॅसिटरची. स्वच्छ उडालेल्यापेक्षा अर्धवट फुटून जागेवर राहिलेला सिरॅमिक कॅपॅसिटर जास्त त्रासदायक, कारण तो आतून शॉर्ट होऊ शकतो. १२ व्होल्टच्या लाइनवर असेल तर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ट्रिप होतो किंवा तिथे जळल्याचा डाग पडतो.

तेव्हा आधी पॉवरची वायर काढा, तुकडा शोधा (तो दुसरीकडे पडून शॉर्ट करायला नको) आणि दोन्ही पॅड (पार्ट सोल्डर केलेला असतो ते तांब्याचे ठिपके) ग्राउंडशी मल्टिमीटरने मोजा. एक पॅड ग्राउंडवर आणि दुसरा सप्लायच्या लाइनवर निघाला तर तो बहुधा डीकपलिंगचा. प्रोसेसरच्या मुख्य सप्लायवर मीटर बीप देतो म्हणून शॉर्ट समजू नका, त्या लाइनचा रेझिस्टन्स मुळातच फार कमी असतो.

फेविक्विकबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्यातून वीज वाहत नाही आणि नंतर सोल्डर करणाऱ्याला आधी तो थर खरवडावा लागतो.

‘तसाच दिसणारा लावा’ हा सल्ला वरवर शहाणा वाटतो. पण ०४०२ आकाराचा, म्हणजे १ बाय ०.५ मिलिमीटरचा कॅपॅसिटर १० पिकोफॅरडचाही असतो आणि १० मायक्रोफॅरडचाही. फरक दहा लाख पटींचा, आणि बाहेरून तो ओळखता येत नाही. व्होल्टेजही बघावं लागतं; ६.३ व्होल्टचा पार्ट १२ व्होल्टच्या लाइनवर चालणार नाही. त्याच मॉडेलच्या, त्याच रिव्हिजनच्या डोनर (पार्ट काढायला ठेवलेल्या) बोर्डावरून त्याच जागेचा पार्ट घ्यावा, किंवा स्किमॅटिक (बोर्डाच्या सर्किटचा नकाशा) मिळालं तर त्यावरून व्हॅल्यू काढावी. शेजारचा पार्ट बोर्डावर असतानाच मोजला तर मीटर समांतर असलेल्या सगळ्यांची बेरीज दाखवतो.

राहिला दुकानाचा मुद्दा. वारंटीत फिजिकल डॅमेज सहसा बसत नाही आणि सर्व्हिस सेंटरवर सुटे पार्ट बदलत नाहीत, म्हणून तिथे नवा बोर्ड सांगतात. पण लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास काय, विक्रीचं दुकान वेगळं आणि चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एकेक पार्ट बदलणाऱ्याचं टेबल वेगळं. या चिप लेव्हलवाल्याकडे जा, उडालेला तुकडा चिकटपट्टीला लावून सोबत न्या. पॅड शाबूत असतील तर काम छोटं आहे. पॅड उखडला असेल तर जंपर (बारीक तार) ओढावा लागतो. घरच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने पॅड नेमका तेव्हाच उखडतो, कारण ग्राउंडचं तांबं उष्णता ओढून घेतं, सोल्डर वितळत नाही आणि माणूस टोक दाबून धरतो.

यातले पुष्कळ अपघात जाड ग्राफिक्स कार्डाखाली लपलेलं स्लॉटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबताना होतात. तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा लाकडी चमचा वापरा. लॅच तुटलंच तरी कार्ड कॅबिनेटला स्क्रूने धरलेलं असतंच.