कुरडयांना ग्रिड लागत नाही

परवा भर दुपारी लाइट गेली. बार्शीतला मे महिना, ४२च्या पुढचं ऊन, माझ्या गच्चीवर तीन किलोवॉटचं नवंकोरं सोलर, आणि खाली घरात मी वर्तमानपत्राने वारा घेत बसलेलो. एवढ्यावर भागलं असतं तर गिळून टाकलं असतं. पण शेजारच्या काकू गच्चीवर होत्या. माझ्या गच्चीवर.

उन्हाळ्यात आमची गच्ची काकूंचीच असते. मधला कठडा ओलांडून वाळवणं घालायला यायचं, हा त्यांचा हक्क माझ्या वडिलांच्या काळापासूनचा आहे. सातबाऱ्यावर नोंद नाही इतकंच. सोलर बसलं तेव्हा त्यांची बरीचशी जागा गेली, कारण तीन किलोवॉटला तीनेकशे चौरस फूट सहज लागतात. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण काकूंनी भरपाई मागितली नाही, की तोंड पाडलं नाही. त्यांनी आपलं पुनर्वसन आपणच करून घेतलं. साबुदाण्याच्या पापड्या थेट पॅनलवर घालायला सुरुवात केली.

पॅनलची पुढची कड कमरेइतकी, काच गुळगुळीत, तोंड दक्षिणेकडे, उतार अठरा अंशांचा. हे सगळं इंजिनियरने माझ्या विजेसाठी मोजूनमापून केलं होतं. काकू म्हणतात, वाळवणाला याहून चांगली जागा मिळायची नाही. पळीने ओतलेलं पीठ घसरत नाही, धूळ लागत नाही, आणि वाळलेली पापडी काचेवरून अल्लाद सुटते; प्लॅस्टिकच्या कागदासारखी ओढाताण नाही. मागे उरतात ते खळीचे पांढरट गोल. पॅनलमधल्या सेल एकीला एक जोडलेल्या असतात, एकीवर सावली पडली की तिच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो, हे मी काकूंना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि पापड्या एका ओळीत घालायला लागल्या. खालच्या. सगळ्या पॅनलच्या.

तर लाइट गेली, आणि जिन्यातून आवाज आला.

“का रे, तुमच्याकडं लाइट आहे ना?”

“नाही, काकू.”

“नाही कशी? सोलर आहे की तुझं.”

“आहे. पण बाहेरची लाइट गेली की तेही बंद पडतं.”

वर पातेल्यात पळी ठेवल्याचा आवाज झाला. काकू चार पायऱ्या खाली उतरून आल्या. पदराने घाम पुसत त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर उन्हाकडे, मग परत माझ्याकडे.

“ऊन गेलंय का?”

“ऊन आहे.”

“मग?”

मग मी शिकवायला बसलो. म्हटलं, हे ऑन-ग्रिड असतं, म्हणजे बाहेरच्या लाइनला, ग्रिडला, जोडलेलं. पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा जो सोलरचा इन्व्हर्टर, त्याला बाहेरच्या लाइनचे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ दिसावे लागतात. ते दिसले की त्यांच्या तालावर तो आपली वीज मिसळतो. ताल गेला की तो गप्प.

“म्हणजे लाइट असली की हे लाइट देतं.”

“हो.”

“आणि नसली की देत नाही.”

“हो.”

“मग घेतलंस कशाला?”

असल्या प्रश्नाला बिलाचे आकडे सांगून उत्तर देता येत नाही, तरी मी सांगितले. काकूंनी ते वाऱ्यावर सोडले. शेवटी मी माणुसकीचा मुद्दा काढला. लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असेल आणि आपल्या घरातून वीज उलटी लाइनवर गेली, तर तो बिचारा मरेल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. जगभर हाच नियम आहे.

काकू क्षणभर हळहळल्या. मग म्हणाल्या, “कुठला वायरमन?”

“आपल्या लाइनवरचा.”

“आपल्या लाइनवर चढलेला कुणी बघितलाय का?”

यावर मी गप्प.

“खरंच चढला असेल तर चांगलंच आहे की. त्याला म्हणावं, चढायच्या आधी एक फोन कर, आम्ही बटण बंद करतो. आणि तो चढलेलाच नसेल तर आपण घामाघूम का व्हायचं?” मग वर जाता जाता, “तुझा सूर्य सरकारी नोकरीत आहे रे. साहेब हजेरीवर आल्याशिवाय फायलीला हात लावत नाही. माझ्या कुरडयांना असलं काही लागत नाही. माझं उन्हाशी डायरेक्ट आहे.”

इथे हसायला हरकत नाही. मीही हसलो, पण दात खाऊन. कारण सोलर विकायला आलेला तो इस्त्रीच्या शर्टातला मुलगा दोन तास आमचा चहा पीत बसला होता आणि ‘स्वावलंबन’ हा शब्द त्याने चिवड्यात शेंगदाणे टाकावेत तसा सढळ हाताने टाकला होता. ‘बिल झीरो, सर.’ लाइट गेल्यावर काय, हे त्या माहितीपत्रकात शोधूनही सापडत नाही. त्यात चित्र आहे: आई, बाबा, दोन पोरं, डोक्यावर फिरणारा पंखा आणि खिडकीत हसरा सूर्य. आणि बिल तरी झीरो कुठे? स्थिर आकार येतोच. वीज वापरा, न वापरा, तारेला जोडलेले आहात ना, मग भरा.

२०२४ मध्ये आलेल्या सूर्य घर योजनेचं अनुदान मिळालं, तीन किलोवॉटला ७८ हजार. नाही म्हणणार नाही. पण ते ग्रिडला जोडलेल्या सोलरला. बॅटरी हवी तर तुमच्या खिशातून. मी चौकशी केली. साधी १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, १२ व्होल्टची. गुणाकार केला की १८०० वॉट-अवर, म्हणजे दोन युनिटसुद्धा नाहीत. ती टिकावी असं वाटत असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. दोन जुने पंखे आणि दोन-चार दिवे चार-साडेचार तास चालतील, गिझरचं नाव काढायचं नाही. वर दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि चार-पाच वर्षांनी नवी आणा. लिथियमची जास्त टिकते, पण तिची किंमत ऐकून ही म्हणाली, त्यापेक्षा आपण लाइट असेल तिथे राहायला जाऊ.

माझ्या मेव्हण्याने वैरागजवळच्या शेतात सौर पंप बसवलाय. पाच एचपी. तिथे ग्रिड नाही, बॅटरी नाही, मीटर नाही. ऊन आलं की पाणी, ऊन गेलं की झोप. रात्रीच्या पाळीची थ्री-फेज लाइट येईल म्हणून वर्षानुवर्षं हातात टॉर्च घेऊन बांधावर साप चुकवत फिरलेला माणूस तो, त्याला हे सुख मिळालं याचा मला आनंदच आहे. फक्त त्याने पाण्याच्या धारेचे व्हिडिओ मला लाइट गेलेली असतानाच पाठवू नयेत. ते त्याला कसं कळतं, देव जाणे.

असो. तासाभरात फ्रिजमधल्या दुधाची काळजी सुरू झाली. पॅनल मात्र कामधंदा नसताना रणरणत होते. त्यांच्यावरचे वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात काच साठीच्या पुढे जाते आणि उत्पादन दहा-बारा टक्क्यांनी घसरते, हे मी वेगळं दुःख म्हणून बाजूला ठेवलं होतं. काकूंना तेच सुख. पापडी उलटायलासुद्धा लागत नाही म्हणे.

शेवटी त्यांनीच बोलावलं. “ये इकडं, आमच्याकडं पंखा चालू आहे.” लोडशेडिंगच्या काळातला त्यांचा इन्व्हर्टर, त्याखाली फुगलेली बॅटरी, वर हळदीकुंकवाची बोटं. रात्री लाइट असताना भरून घेते, दिवसा पंखा फिरवते. ऑफ-ग्रिड, हायब्रिड, काही नाही. मी पावणेदोन लाखांचं सोलर गच्चीवर सोडून त्या पंख्याखाली जाऊन बसलो. समोर ताट आलं, त्यात वाळलेल्या पापड्या. तळलेल्या नव्हे, एकमेकींना चिकटलेल्या, सोडवायला दिलेल्या.

सोडवत असताना सोलरवाल्याचा फोन आला. ॲपवर बघितलं म्हणाला, या आठवड्यात जनरेशन रोजच कमी दिसतंय, पॅनलवर कसले तरी गोल डाग असतील, पुसून घ्या, सर.

फोन स्पीकरवर होता. काकूंनी मान डोलावली. “बरोबर सांगतोय तो. सोमवारी मी कुरडयांचा चीक शिजवणार आहे. सकाळी आठच्या आत पुसून ठेव. आणि साबण नको लावू, वास लागतो.”