रिस्टोर बिनबोभाट झाला, म्हणून फंक्शन्स ठीक?

महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात डेटाबेस सांभाळणाऱ्यांमध्ये एक संदेश सारखा फिरतोय : ‘पोस्टग्रेसच्या अपग्रेडमध्ये डंप एरर न देता रिस्टोर झाला की फंक्शन्स तपासायची गरज नाही. टाइपची चूक असेल तर फंक्शन तयार होतानाच अडतं. पुढे कुठे अडलंच, तर आपोआप होणारे जुने कास्ट परत घाला.’ (पोस्टग्रेस ही डेटाबेस चालवणारी प्रणाली. डंप म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली नक्कल, रिस्टोर म्हणजे ती नव्या व्हर्जनमध्ये भरणं. फंक्शन म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम. टाइप म्हणजे माहितीचा प्रकार : आकडा, मजकूर की तारीख. कास्ट म्हणजे एका टाइपचं दुसऱ्यात रूपांतर.) या संदेशावर विसंबून लोकांचे हिशेब चुकतात, म्हणून लिहितोय.

आधी ‘तयार होतानाच अडतं’ हे घेऊ. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनचा मजकूर डेटाबेस जसाच्या तसा साठवतो. तयार करताना फार तर व्याकरण बघतो. कॉलमचा टाइप जुळतो का, हे ती ओळ प्रत्यक्ष चालायची वेळ येते तेव्हाच कळतं. त्यातून पीजी-डंप, म्हणजे डंप काढणारा प्रोग्राम, आपल्या फाइलच्या सुरुवातीलाच ‘चेक फंक्शन बॉडीज’ हे मजकूर तपासायला लावणारं सेटिंग बंद करतो. म्हणजे रिस्टोरने काही तपासलेलंच नसतं.

तुर्भ्याच्या एका गोदामाचा डेटाबेस आम्ही जानेवारीत पोस्टग्रेसच्या ८.२ व्हर्जनवरून थेट १४ वर नेला. दोन महिने रोजची चलनं सुरळीत निघाली. ३१ मार्चला रात्री साडेनऊला फोन : वर्षअखेरचं फंक्शन थांबलंय. आत एक ‘इफ’ (अट) होता, फक्त मार्चअखेरीस खरा ठरणारा. त्यात चलन क्रमांकाचे पहिले चार अंक ‘सबस्ट्र’ने (मजकुराचा तुकडा काढणारं फंक्शन) काढले होते, आणि क्रमांक होता इंटिजर (पूर्णांक). ८.२ त्याचं स्वतःहून टेक्स्ट (मजकूर) करायचा. २००८ साली आलेल्या ८.३ ने ते बंद केलं. दोनच ओळी वर तोच क्रमांक ‘||’ने ग्राहकाच्या नावाला जोडला होता आणि ती ओळ बिनतक्रार चालत होती, कारण एक बाजू टेक्स्ट असली की जोडणी आजही चालते. एकाच फंक्शनमध्ये एक ओळ धडधाकट, दुसरी मेलेली. ‘आमच्याकडे दोन महिने चालतंय’ याला म्हणूनच मी पुरावा मानत नाही.

जुने कास्ट परत घालण्याचा सल्ला तर घातक आहे. त्याच गोदामाच्या थकबाकीच्या अहवालात ‘बिलाची तारीख < २००७-१२-३१’ अशी अट सापडली, तारखेला अवतरणचिन्ह नाही. मग डेटाबेस ती वजाबाकी समजतो : २००७ वजा १२ वजा ३१, उरले १९६४. ८.२ दोन्ही बाजूंचं टेक्स्ट करून अक्षराला अक्षर लावून बघायचा. ‘२००७’ काही ‘१९६४’ पेक्षा लहान ठरत नाही, त्यामुळे ती जुनी थकबाकी अहवालात कधी आलीच नाही. एररही नाही. नव्या व्हर्जनने ती ओळ नाकारली, तेव्हा कुठे चूक उघडी पडली. कास्ट परत घातले असते तर ती पुन्हा झाकली गेली असती.

करायचं ते सोपं आहे. नव्या व्हर्जनवर डेटाबेसची प्रत उभी करा, ‘पीएलपीजीएसक्यूएल-चेक’ हे एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायचा जादा भाग) टाका आणि सगळ्या फंक्शन्सवरून फिरवा. ते फंक्शन न चालवता आतल्या ओळी तपासतं, कधीतरीच चालणाऱ्या ‘इफ’सकट. ट्रिगर फंक्शन (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारं) असेल तर ते कोणत्या टेबलासाठी, हे सांगावं लागतं. फंक्शनच्या आतच बनणाऱ्या टेम्पररी टेबलांवर ते उगाच ओरडतं. ‘एक्झिक्यूट’ला दिलेली, चालताना जुळवली जाणारी क्वेरी मात्र त्याच्या हाती पुरती लागत नाही, ती डोळ्यांनीच वाचायची. आम्ही १ एप्रिलला ते फिरवलं आणि आणखी सात बिघडलेली फंक्शन्स निघाली. त्यांतली दोन दिवाळी बोनसची होती.