ढोबळी मिरचीत नर-मादी नसते, तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका

ढोबळी मिरची उलटी धरा, खाली तीन उंचवटे असतील तर नर, चार असतील तर मादी, मादीत बिया जास्त आणि ती गोड म्हणून सॅलडला घ्या, नर भाजीला... हा मेसेज फोटोसकट परत फिरायला लागलाय. शाळेत फुलाची आकृती आपण सगळ्यांनीच काढलीये, तरी हे इतकं पसरतं याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, नर फळ आणि मादी फळ. अहो, नर-मादी हा विषय फुलातच संपतो. मिरचीचं फूल द्विलिंगी असतं, म्हणजे नर आणि मादी दोन्ही भाग एकाच फुलात, जवळून बघा, पांढऱ्या पाकळ्या, आत निळसर-जांभळ्या परागकोशांचे पाच-सहा पुंकेसर (नर भाग), मधोमध स्त्रीकेसर (मादी भाग) आणि त्याच्या तळाशी अंडाशय. पराग कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर पडतो, मिरचीत बहुतेक वेळा त्याच फुलातला, मग तो तिथे रुजतो, त्याला नळी फुटते, ती कुक्षीवृंतातून (स्त्रीकेसराच्या दांड्यातून) खाली उतरत अंडाशयातल्या बीजांडापर्यंत जाते आणि दोन नरयुग्मकं (नर पेशी) आत सोडते. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो, दुसऱ्याचा मधल्या दोन केंद्रकांशी होऊन भ्रूणाला पोसणारा भ्रूणपोष. हेच ते दुहेरी फलन, रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मधे दाखवलेलं. यानंतर पाकळ्या गळतात, पुंकेसर सुकतात, बीजांडाची बी होते आणि अंडाशयाचं फळ. म्हणजे आपण चिरतो ती प्रत्येक मिरची हा वाढलेला अंडाशयच, मग नर मिरची येणार कुठून?

उंचवट्यांचं म्हणाल तर मिरची आडवी कापा, आत कप्पे दिसतील. अंडाशयाला जितके कप्पे तितके साधारण उंचवटे, आणि ते कळी तयार होतानाच ठरलेलं असतं, परागण व्हायच्याही आधी. जात कुठली, कळी धरताना हवा कशी होती यावर ते अवलंबून. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फळं लागतात, कुंडीत लावलीत तर स्वतःच बघाल.

बिया जास्त का कमी हे किती बीजांडांपर्यंत पराग पोचला त्यावर. रात्री फार गारठा पडला की पराग नीट तयार होत नाही, मग बिया कमी आणि फळ चपटं, वेडंवाकडं.

गोडीचं तर अगदीच सोपं आहे, हिरवी ढोबळी ही न पिकलेली असते, झाडावर राहून लाल-पिवळी झाली की साखर वाढते. वांग्याच्या बुडाची खूण बघून नर-मादी सांगतात तेही असंच चूक, वांगं मिरचीच्याच कुळातलं.

नर-मादी खरोखर वेगळी बघायची असेल तर करटोली बघा, नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, म्हणून लागवड करणारे हाताने परागण करतात. पपईतही नर झाडं निघतात. काकडी, भोपळ्यात वेल एकच पण फुलं वेगवेगळी, मादी फुलामागे इवलंसं फळ आधीच दिसतं. पण इथेही नर-मादी आहे ती फुलाला, नाहीतर झाडाला.

बाजारात ढोबळी घेताना देठ हिरवा, साल ताठ आणि हाताला जड एवढं बघा, उंचवटे मोजू नका. आणि घरी बी धरणाऱ्यांनो, तीन उंचवट्यांच्या फळातलं बी फेकू नका, त्याच्या झाडाला चारवालीही लागू शकतात.