गहू सोडण्याआधी रक्त तपासा

महिनाभर सांगलीतल्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. भिशीच्या, सोसायटीच्या, माहेरच्याही. त्यात म्हटलंय की गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, हे सावकाश भिनणारं विष, आपले पूर्वज गहू खातच नव्हते, हरितक्रांतीनं गहू बिघडवला, शुगर, थायरॉईड, गुडघेदुखी सगळं त्यातूनच येतं. खपली चालेल, त्यात ग्लुटेन नसतं. आणि शेवटी, ‘महिनाभर गहू बंद करून बघा, नुकसान तर काही नाही.’

माझ्या भाचीला सीलिॲक आहे, म्हणजे ग्लुटेननं लहान आतड्याला इजा करणारा आजार, म्हणून मी हा मेसेज नुसता वाचून सोडू शकत नाही.

आधी खपली, कारण तिथली चूक सर्वांत धोक्याची आहे. खपली हा गहूच आहे. आपल्या कृष्णाकाठी पिकतो, त्याची खीर आपल्याकडे पंगतीत असते. त्याच्या कणकेला साध्या गव्हासारखा ताण येत नाही, कारण त्यातल्या ग्लुटेनचा पोत वेगळा असतो. पण ग्लुटेन असतंच. सीलिॲक असलेल्या मुलानं ती खीर खाल्ली तर त्याच्या लहान आतड्याला पोळीसारखीच इजा होते. रवा, शेवया, लापशी, मैदा, जव यांचंही तेच.

‘पूर्वज गहू खात नव्हते.’ पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचं उत्खनन झालं, तिथं जव सापडले आणि गहूही. आता, जत-आटपाडीकडच्या आपल्या आज्यांनी रोज शाळूची भाकरी केली आणि पोळी सणालाच लाटली, हे खरंच आहे. पण ते पाण्याअभावी. कोरडवाहू रानात गहू कुठून येणार? हरितक्रांतीचं म्हणाल तर १९६०च्या दशकात आले ते मेक्सिकोहून आणलेले बुटके वाण आणि त्यांच्याशी संकर केलेले गहू. रोप बुटकं असलं की खत-पाणी देऊनही पीक लोळत नाही, एवढाच त्यामागचा हेतू. जनुकं बदललेला गहू आपल्या शेतात आजही नाही. अमेरिकेत विसाव्या शतकातल्या गव्हाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ग्लुटेन वाढत गेल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही.

रोगांच्या यादीत अर्धसत्य आहे. टाइप १ मधुमेह आणि थायरॉईडचे काही आजार सीलिॲकच्या रुग्णांत जास्त दिसतात. म्हणून ते असलेल्यांची सीलिॲकची तपासणी करतात. मेसेजनं ते उलटं करून सगळ्यांच्या माथी मारलंय. २०१७ साली एक लाखाहून जास्त अमेरिकी लोकांच्या अनेक वर्षांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लुटेन जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, असं त्यात आढळलं नाही.

‘मी सोडला आणि पोट हलकं झालं,’ असं आमच्या भिशीतल्या काकू सांगतात, आणि त्यांच्या अनुभवावर माझा विश्वास आहे. पण गव्हाबरोबर पाव, खारी, टोस्ट, बिस्किटंही गेली ना? शिवाय गव्हात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती कांद्या-लसणातही असते. सीलिॲक नसलेले, पण ग्लुटेन सोसत नाही म्हणून ते सोडलेल्या ५९ जणांवर नॉर्वेत प्रयोग झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पोट फुगायचा त्रास ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टाननं जास्त झाला. तरीही कुणाला गहू खरंच सोसत नसेल, तर जरूर कमी करावा. ज्वारी, बाजरी, नाचणी आपल्याला परकी थोडीच आहे! फक्त तपासणी झाल्यावर.

कारण ‘नुकसान काही नाही’ हे वाक्य खोटं आहे, आणि त्याची किंमत आमच्या घरानं मोजली आहे. भाची सहा वर्षांची होती. उंची वाढेना, हिमोग्लोबिन वर येईना, पोट सतत फुगलेलं. जंताचं औषध झालं, लोहाची टॉनिकं झाली. कुणीतरी असाच मेसेज पाठवला आणि ताईनं पोळी बंद केली. पोरीला बरं वाटलं. काही महिन्यांनी सीलिॲकसाठी रक्त तपासलं, तर रिपोर्ट नॉर्मल. मग काय, पथ्य सैल झालं. डब्यात बिस्किट, लग्नात पुरी. पुढं दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तपासणीच्या वेळी ही पोळी खात होती का?’

सीलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं आणि रक्तात त्याच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. टीटीजी-आयजीए ही तपासणी त्याच शोधते. गहू थांबवला की त्या हळूहळू उतरतात, आतडं भरून येतं आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. मग निदानासाठी रुग्णाला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. तिला घातला. ती पोट धरून रडायची आणि ताई पुढचा घास भरवायची. मग रक्त, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा, तेव्हा कुठं नाव कळलं.

जुलाब, न वाढणारं मूल, गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया, सख्ख्या नात्यात सीलिॲक, यांतलं काही असेल तर पोळी चालू ठेवूनच डॉक्टरांकडे जा.

निदान झाल्यावर जे सुरू होतं ते महिन्याचं नसतं, जन्मभराचं असतं. बांधणीच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं, असा आपल्याकडे नियम आहे. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर हा हिशेब कुठल्या कुठं जातो. ताईनं घरघंटी घेतली, त्यात गव्हाचा दाणाही पडत नाही. परवा भाचीनं पहिल्यांदा स्वतः भाकरी थापली. कडा फाटल्या होत्या, पण तव्यावर फुगली.