मुख्याध्यापकांना विचारलं का?

2026-27 पासून तिसरीतच एआयची ओळख करून देण्याचा इरादा केंद्र सरकारने जाहीर केला आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणतो, जग कुठे चाललंय बघा. दुसरा म्हणतो, आधी पाढे तरी येऊ द्या. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं: तुमच्या नेदरलंड्समध्ये तर शाळेत मोबाइलला बंदी आली ना? पुढारलेले देश मागे फिरले आणि आपण धावत सुटलोय!

बंदी आली हे खरं. 1 जानेवारी 2024 पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात मोबाइल, टॅब्लेट, स्मार्टवॉच बंद झाले. अभ्यासासाठी लागले किंवा आजारपण-अपंगत्वामुळे गरज असली तरच सूट. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून प्राथमिक शाळाही त्यात आल्या. पण त्यासाठी कायदा केला नाही. शिक्षण मंत्रालय आणि शाळा, शिक्षक, पालक, विद्यार्थी यांच्या संघटनांनी मिळून तसं ठरवलं, आणि तपशील ज्या त्या शाळेवर सोडला. फोन ठेवायचा कुठे, मधल्या सुट्टीत चालेल का, सापडला तर काय करायचं, हे सगळं शाळेने पाहायचं.

प्रत्येक शाळेत कायद्याने एक सल्लामंडळ असतं. माध्यमिक शाळेत त्यातल्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या, उरलेल्या पालकांच्या आणि मुलांच्या. काही निर्णय या मंडळाच्या संमतीशिवाय शाळेला घेताच येत नाहीत. माझ्या मुलीच्या शाळेत फोनचा विषय निघाला तेव्हा एका मुलाने सरळ विचारलं, वेळापत्रकातले बदल ॲपवर येतात, फोन लॉकरमध्ये ठेवला तर पुढचा तास रद्द झालाय हे आम्हाला कळणार कसं? मुख्याध्यापक बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढे खालच्या दालनात बदल दाखवणारा मोठा पडदा लागला. मुलांची दुसरी मागणी होती, शिक्षकांनीही व्हरांड्यात फोन काढायचा नाही. त्यावर शिक्षकांची थोडी कुरकुर झाली, पण मान्य झालं. निर्णय बरोबर होता का यावर आजही पालकांत दोन मतं आहेत. तो कुणी घेतला आणि जाब कुणाला विचारायचा, याबद्दल मात्र कुणाच्या मनात शंका नाही.

आता आमच्या ताईची गोष्ट. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, म्हणजे कागदावर 'प्रभारी'. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट दीडशेच्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. तेवढा पट नाही, म्हणून ताई वर्गही सांभाळते आणि शाळाही. क्लार्क नाही. तिच्या शाळेतलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं तंत्रज्ञान म्हणजे तिचा स्वतःचा मोबाइल. त्यावर पोषण आहाराची रोजची संख्या, यू-डायस आणि सरल ही शाळेची-मुलांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, आणि आसपासच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, ग्रुपवर 'अतितातडीचे, आज दुपारी 12 पर्यंत' असे निरोप. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार ग्राह्य धरलं जात असल्याने एखाद्या पोराचं आधार 'अवैध' दिसलं की त्याच्या आईबापांनी मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालायचे. या मोबाइलबद्दल कुणी बंदीची भाषा करत नाही!

आपल्याकडे हौसेने काही झालंच नाही असं नाही. 22 जून 2015 चा, राज्याच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला आणि कितीतरी गुरुजींनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणि टॅब आणले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने आपल्या वर्गासाठी केलेला क्यूआर कोडचा प्रयोग पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेला. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आणि सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने तर 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची प्रथाच पाडली. एकीकडे पडदा वर्गात आणला, दुसरीकडे तो बंद केला. दोन्हींच्या मुळाशी शाळेतला नाहीतर गावातला माणूस होता.

इथे नेदरलंड्समध्ये सगळं आलबेल आहे असंही समजू नका. 2013 मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नावाने आयपॅडवर चालणाऱ्या शाळा याच देशात निघाल्या, गाजल्या आणि काही वर्षांत ते खूळ ओसरलं. पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 मध्ये वाचनात डच मुलांना सरासरी 459 गुण पडले, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी 476 होती. शाळेला मोकळीक दिली की चुकायचीही मोकळीक मिळते. तरी एक गोष्ट मला हेवा वाटावा अशी आहे. 2021 मध्ये इथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने गूगलच्या शालेय सेवांमधल्या खासगीपणाच्या धोक्यांवर बोट ठेवलं. तेव्हा शाळांच्या 'सिव्हॉन' या सहकारी संस्थेने उच्च शिक्षणातल्या 'सर्फ'ला बरोबर घेऊन थेट गूगलशी वाटाघाटी केल्या आणि अटी बदलून घेतल्या. साखर कारखाने आणि दूध संघ काढणाऱ्या महाराष्ट्राला शाळांचा असा संघ का सुचू नये, कळत नाही.

बरं, सल्लामंडळ आपल्याकडेही आहेच. शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पालकांचं प्रमाण पाहिलं तर इथल्यापेक्षा आपलीच समिती वरचढ. पण तिच्यासमोर येतं काय? बहुतेक वेळा आधीच लिहून ठेवलेला ठराव, आणि सही कुठे करायची ती जागा.

म्हणून ग्रुपवर मी कुठल्याच तटात बसत नाही. तिसरीत एआय आणायचंय? आणा. पण ते कोणत्या तासाला, कोणत्या यंत्रावर, गृहपाठात चालेल की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीसमोर खुलं ठेवा आणि तिने नकार दिला तर तो नोंदवून घ्या. सगळ्या पोर्टलांची माहिती भरायला प्रत्येक केंद्रशाळेत पगारी माणूस नेमा, म्हणजे ताईसारख्यांची दुपार वर्गाला मिळेल. आणि दीडशे पटाच्या अटीचा पुन्हा विचार करा. साठ मुलांच्या शाळेतही निर्णय घ्यावेच लागतात, आणि आज ते घेणारा माणूस खडू हातात धरून फोनवर माहिती भरतोय.